ऋणातच राहायला आवडेल

“आभार मानून मी आण्णांना परकं करणार नाही,” केतकी मगदूम माइकवर म्हणाली. “मला त्यांच्या ऋणातच राहायला आवडेल.”

टाळ्या पडल्या. पडणारच. हातात शाल आणि नारळ देऊन मराठी माणसाने आजवर दुसरं काही म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

शालीत गुरफटलेले भूपाल आण्णा बिरनाळे खुर्चीतून अर्धवट उठले आणि हात हलवून ओरडले, “आम्ही तरी कुठं सोडतोय तुला!”

हशा. पुन्हा टाळ्या. आणि त्या टाळ्यांत केतकीच्या गळ्यावरची पट्टी हलकेच थरथरली, ते तिच्याखेरीज कुणाला कळलं नाही. तिलाही वाटलं, कर्ज आता फिटणार म्हणून थरथरली असेल.

तसं नव्हतं. पट्टीचं म्हणणं होतं:

मेळ आहे. करार झाला.

*

गळपट्टी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती नव्हती तेव्हा लोक एकमेकांवर विश्वास कसा ठेवत, हे लहान मुलांना समजावून सांगावं लागतं. आधी सह्या होत्या. सह्या नकली निघू लागल्या. मग बोटांचे ठसे, चेहरे, आवाज. यंत्रांनी तेही हुबेहूब घडवले. शेवटी एकच गोष्ट उरली, जिची नक्कल कुणाला जमेना: माणूस बोलतो ते त्याच्या मनात आहे की नाही.

माणूस मनात काही म्हणतो तेव्हा ओठ मिटलेले असले तरी घशाचे स्नायू किंचित हलतात. वाचताना, स्वतःशी पुटपुटताना, एखादी शिवी गिळतानासुद्धा. मेंदूकडून आलेला शब्द घशापर्यंत पोचलेला असतो, बाहेर तेवढा पडत नाही. गळपट्टी दोन्ही ऐकते, उच्चारलेला शब्द आणि गिळलेला शब्द. दोन्ही एक असतील, श्वास आणि नाडी त्यांच्या तालात असेल, तर ‘मेळ आहे’. ओठांत एक आणि पोटात एक असेल, तर ‘मेळ नाही’. मेळ असलेल्या बोलण्याला कायद्याने सहीचं मोल दिलं. दोन माणसं समोरासमोर, दोघांच्या गळ्याला पट्टी, आधीच्या एखाद्या कराराबद्दल बोलणं आणि दोघांचा मेळ, इतकं जमलं की झाला नवा करार.

त्या पट्टीच्या मागे बसलेला असे मुनीम. मुनीम म्हणजे कुणी माणूस नव्हे, बँकेने प्रत्येक खातेदाराला दिलेला कानातला आवाज. केतकीचा पगार झाला की ती चहा पिऊन येईपर्यंत मुनीमने त्याचे वाटे केलेले असत. हप्ता आधी, मग घरी, मग खोलीचं भाडं, मग उरलंसुरलं तिचं. “ताई, याच रंगाचा कुडता आहे तुमच्याकडे,” असं तो दुकानात भर गर्दीत म्हणे. ती चिडे. पण याच मुनीमने तिला क्रेडिट कार्डाच्या खड्ड्यात पडू दिलं नाही, बोनस आला तो थेट मुद्दलात घातला आणि मुदतीच्या कितीतरी आधी तिला शेवटच्या हप्त्यापाशी आणून उभं केलं. त्याच्याबद्दलही तिला माया होती.

तो शेवटचा हप्ता आण्णांच्या सत्कारात, सगळ्यांसमोर, तोंडाने “फेडते” म्हणून भरायचा, असं तिने ठरवलं होतं. आण्णा जामीनदार, म्हणून त्यांच्याही गळ्याला पट्टी. भाषण आधी केलं आणि “फेडते” नंतर म्हणाली, एवढीच चूक.

*

“हप्ता परत तुमच्या खात्यात जमा केला आहे, ताई. अभिनंदन.”

“परत? का?”

“आजीव ऋण योजना. मुद्दलाचा शेवटचा तुकडा कायम शिल्लक राहील, व्याज नाममात्र. जामीनदारही आजन्म. दोघांचा होकार आहे.”

“अरे, ते बोलायची पद्धत असते!”

“पद्धत म्हणून लोक बोलतात तेव्हा पोटात काहीच नसतं, ताई. मी रोज ऐकतो. तुमच्या पोटात तेच होतं.”



*

आण्णा तिचे कुणी लागत नव्हते.

इचलकरंजीत, पॉलिटेक्निकच्या फाटकासमोर त्यांचा एक गाळा. पाटी ‘पार्श्व झेरॉक्स’. आता तिथे कागदापेक्षा यंत्रांचे प्लास्टिकचे सुटे भाग जास्त छापले जात, पण पाटी तीच. केतकीचे वडील यंत्रमागावर कामाला. बारावीनंतर तिला पुण्यात वाचा-उपचार शिकायचा होता. पक्षाघात होऊन बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं ते शास्त्र. शैक्षणिक कर्जाला बँकेने जामीनदार मागितला. मामा हो म्हणाले. तिने कागदांच्या झेरॉक्स काढल्या. मामा नाही म्हणाले. वडिलांचे शेठ हो म्हणाले, पुन्हा झेरॉक्स, शेठही नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ती आली ती जामीनदाराची जागा कोरी ठेवून. “अशाच काढा आण्णा, नाव मागनं घालते.”

आण्णांनी तो कागद उजेडाकडे धरला. “तुझ्या झेरॉक्स काढून काढून माझा टोनर संपायला आलाय बघ,” म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं. गाळा तारण ठेवला. घरी बायकोला, पद्माकाकूंना, संध्याकाळी सांगितलं.

त्या एका नावावर केतकी शिकली, कोल्हापूरच्या इस्पितळात लागली आणि आज शाल घेऊन आली होती.

*

आता इथवर गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. आजन्म कर्ज तर कर्ज, नाममात्र तर नाममात्र. पण सत्काराला शेवटच्या रांगेत सानिया मुजावर बसली होती.

सानिया गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. तिला विमानदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला नागपूरला जागा मिळाली होती आणि आण्णांनी तिला शब्द दिला होता, ‘केतकीचं सुटलं की गाळा तुझा.’ नियम असा, की एका गाळ्यावर एका वेळी एकच विद्यार्थी. दोनच दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी पाचला प्रवेश बंद. तोवर गाळा मोकळा झाला नाही, तर सानियाचं नागपूर गेलं.

बँकेच्या बाई पडद्यावर आल्या त्या बुचकळ्यात पडूनच. “सहसा लोक उलटी तक्रार घेऊन येतात, मॅडम. देणं नको म्हणून.”

“रद्द करायचं कसं?”

“अर्ज केलात तर वरच्या कार्यालयातून दिवाळीपर्यंत होईल. नाहीतर दोघांनी समोरासमोर बसून सोडल्याचं बोलायचं. मेळ बसला की लगेच.”

“मग सोपं आहे की!” आण्णा म्हणाले.

*

ओठांत: मला आण्णांच्या ऋणात राहायचं नाही.
पोटात: कोरी जागा. खिशातलं पेन.

मेळ नाही.

ओठांत: आण्णांचं आणि माझं देणंघेणं संपलं.
पोटात: संपलं कसं?

मेळ नाही.

ओठांत: मी कर्जातून मोकळी होऊ इच्छिते. (हे मुनीमने सुचवलेलं वाक्य.)
पोटात: असं कोण बोलतं?

मेळ नाही.

केतकीने मग आपली विद्या लावली. घसा सैल सोडायचा, पोटातून श्वास, जीभ टाळूपासून खाली. इस्पितळात ती दिवसभर हेच शिकवी. घसा लोण्यासारखा मऊ झाला. शब्द सुरेख उमटले. मेळ नाही. गिळलेला शब्द विद्येला जुमानत नव्हता. उलट घसा मऊ झाल्यामुळे तो अधिक स्पष्ट उमटला, असं मुनीमने नम्रपणे सांगितलं.

*

“तुम्ही भांडा की ताई,” सानिया म्हणाली. “मी अम्मीशी दिवसातनं चारदा भांडते. तेव्हा जे तोंडातनं निघतं ना, शंभर टक्के मेळ.”

शनिवारची दुपार झाली होती. गाळ्यातच, छापयंत्राच्या घुरघुरीत, आण्णा आणि केतकी समोरासमोर बसले. मध्ये पंच म्हणून पद्माकाकू.

“सुरू करा,” काकू म्हणाल्या.

आण्णांनी घसा खाकरला. “तू... तू लई गर्विष्ठ झालीस.”

“कधी?”

“आता होशील.”

“अहो, नीट भांडा!” काकू ओरडल्या.

आण्णांनी आवाज चढवला. “तुला बोलायला कुणी शिकवलं? इतकी वर्षं बोलायचं शास्त्र शिकलीस आणि साधं ‘नको’ म्हणता येईना!”

केतकीला हसू फुटलं. आण्णांनाही. पट्टीने दोघांनाही जागच्या जागी नापास केलं. सानिया घड्याळ बघत बाहेर गेली. कागद गोळा करायला म्हणाली, पण तिचे डोळे भरलेले केतकीने पाहिले.

काकूंनी चहा ओतला. आल्याचा, कडक, नेहमीचा. केतकीने कप उचलला आणि काय झालं कोण जाणे, तो तसाच खाली ठेवला.

“काकू, मला आल्याचा चहा आवडत नाही.”

काकू थबकल्या. “मग आजवर?”

“प्यायले.”

“अगं मग बोलायचं नाही?”

“कशी बोलणार?”

काकूंनी किटली खाली ठेवली. मग पदराने हात पुसून म्हणाल्या, “आता निघालंच आहे तर सांगते. तू दरवेळी पेढ्यांचा पुडा आणतेस ना? ह्यांना साखर आहे. कधीची. तू गेलीस की मी ते सगळे गल्लीत वाटते. तुला वाईट वाटेल म्हणून ह्यांनी एकदाही सांगू दिलं नाही.”

“साखर? आण्णा, तुम्ही माझ्यासमोर दोन-दोन पेढे खायचा!”

“एकदा तर तीन,” आण्णा खाली बघत म्हणाले. “तू फार प्रेमानं देतेस बाई.”

 छापयंत्र तेवढं चालू होतं.

मग केतकी बोलू लागली. पट्टीसाठी नाही, पट्टीचा तिला विसरच पडला होता. ती म्हणाली, “आण्णा, मला कोल्हापुरात स्वतःचं उपचार केंद्र काढायचं होतं. दोन वेळा जागा बघून ठेवली. दोन्ही वेळा माघारी फिरले. नाही चाललं, हप्ता चुकला, तर तुमच्या गाळ्याला कुलूप लागेल म्हणून. मुनीम नाही अडवायचा मला. तो तर म्हणाला, जमेल. गाळा अडवायचा. सिनेमा बघताना, साधी चप्पल घेताना मला हे शटर दिसायचं. तुम्ही रस्त्यात समोर आलात ना, की मला आधी गाळा दिसायचा, मग तुम्ही.”

“असं आहे होय,” आण्णा हळू म्हणाले.

“राग नाही हो. जन्मभर विसरणार नाही मी. पण मला आता तुमचं देणं नको, आण्णा. मला तुमच्याकडे रिकाम्या हातानं यायचंय. यायचं, पाय पसरून बसायचं, चहा नको म्हणायचं, आणि तरी बसून राहायचं.”

थरथर.

मेळ आहे.

काकूंनी टाळी वाजवली. केतकीला रडू आणि हसू एकदमच आलं. म्हणजे कृतज्ञता आणि देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि इतकी वर्षं त्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या होत्या. दोरा काढला, तर एकही मणी कमी झाला नव्हता.

“आता तुम्ही म्हणा,” काकू आण्णांना म्हणाल्या. “आटपा. साडेचार झालेत.”

“केतकी, सोडलं तुला,” आण्णा म्हणाले.

मेळ नाही.

*

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दोन दिवस सगळे केतकीचा घसा धरून बसले होते.

“सोडलं म्हणतोय ना!” आण्णा पट्टीवर खेकसले. मेळ नाही. “जा बाई, सुटलीस!” मेळ नाही. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पट्टी काढून पुसली, उलटसुलट करून पाहिली, पुन्हा लावली. “बिघडली असेल.”

“आण्णा,” केतकी म्हणाली, “माझं ऐकून झालं. आता तुम्ही सांगा.”

“सांगण्यासारखं काय आहे?” ते छापयंत्राची धूळ झटकू लागले. धूळ नव्हतीच. “मी फाटकासमोरचा झेरॉक्सवाला. पोरं येतात, कागद पुढं टाकतात, पैसे टाकतात, जातात. तोंडाकडं कुणी बघत नाही. तू लागलीस इस्पितळात आणि गल्लीतल्या लग्नात मला पुढच्या रांगेत बसवायला लागले. ‘हे बिरनाळे, मगदूमांच्या डॉक्टरणीला जामीन राहिले ते.’ बँकेत साहेब उठून उभा राहतो. आता तू सुटलीस की...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरजही नव्हती. केतकीला आठवले ते इस्पितळातले रोगी, जे सगळं बोलू लागले तरी शेवटचा एक शब्द तेवढा देत नाहीत. तो शब्द आला की शिकवणी संपणार, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्यावर ती कधी रागावली नव्हती. आण्णांवर कशी रागावेल? तिला त्यांच्याबद्दल माया वाटली. तेही काहीतरी बाळगून होते तर. दोघांनी मिळून एकच ओझं दोन्ही टोकांनी उचलून धरलं होतं आणि आधी खाली कोण ठेवणार, म्हणून अडून उभे होते.

“आण्णा, डॉक्टरीण मी नाहीच मुळी,” ती म्हणाली. “किती वेळा सांगितलं.”

“गल्लीला कुठं कळतंय,” आण्णा पुटपुटले.

तेवढ्यात सानिया आली. कागदांची पिशवी छातीशी, धावल्यामुळे श्वास वर. तिने तिघांचे चेहरे पाहिले आणि विचारलंसुद्धा नाही. सरळ बाकावर बसली.

“राहू द्या आण्णा,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू. अब्बांच्या दुकानात काजं-बटणं करते तोवर. विमानं काय कुठं पळून जात नाहीत.”

हे ती हसून म्हणाली, हेच वाईट झालं.

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग संगणकासमोरच्या एकुलत्या एका खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर केतकी बसली होती.

“ऊठ गं तू!” ते एकदम ओरडले. असे ते केतकीवर कधीच ओरडले नव्हते. “ऊठ म्हणतो ना! किती दिवस अडवून बसणारेस? तुझं झालंय. ऊठ, तिला बसू दे!”

केतकी ताडकन उठली.

पट्टी थरथरली. मुनीमने एक क्षण घेतला, मग दोघांच्याही कानात विचारलं, “हे सोडणं समजू का?”

“समज की!” आण्णा ओरडले. “अजून काय लेखी देऊ?”

मेळ आहे.

*

मग कुणाला कुणाकडे बघायला वेळ नव्हता. केतकीने “फेडते” म्हटलं, शेवटचा हप्ता गेला, गाळ्याच्या नावासमोरची तांबडी खूण हिरवी झाली. सानिया खुर्चीत बसली. आण्णा तिच्या खांद्यावरून वाकून एकेक रकाना भरू लागले. मुजावरमधला ‘र’ राहिला, तो घातला; गाळ्याचा क्रमांक चुकला, तो खोडला; पद्माकाकू देवाचं नाव घेत होत्या आणि मधूनच “पाच वाजले का, पाच वाजले का” विचारत होत्या. जामीनदाराची जागा आली तेव्हा आण्णा सरळ उभे राहिले, शर्टाची कॉलर नीट केली आणि पट्टीवर बोट ठेवून स्वच्छ म्हणाले, “मी, भूपाल पायगोंडा बिरनाळे, या पोरीला जामीन.”

पहिल्या फटक्यात मेळ.

‘प्रवेश निश्चित’ अशी अक्षरं पडद्यावर उमटली, तेव्हा सानियाने आनंदाने किंकाळी फोडली आणि आण्णांचा हात इतका जोरात दाबला, की ते “अगं, हा हात लागतो मला” म्हणाले. शेजारच्या वडापाववाल्याने डोकावून पाहिलं. आण्णांनी त्याला तिथूनच ऐकवलं, “विमानवाली आहे आपली! नागपूरला चालली!”

‘आपली’ म्हणताना त्यांचा चेहरा कसा दिसत होता, ते केतकी बाजूला उभं राहून बघत राहिली. गाळा तोच होता. आज पहिल्यांदा तिला त्यात आधी माणूस दिसला.

कोल्हापूरची बस धरायची होती. ती पायरीवर आली. “येते, आण्णा.”

“ये,” आण्णा म्हणाले, मान वर न करता. ते सानियाला वसतिगृहाचा अर्ज समजावत होते.

पट्टी थरथरली.

“ताई,” मुनीम म्हणाला, “‘येते’ म्हणालात, मेळ बसला. समोरून ‘ये’ म्हणून होकार आला, तोही मेळात. करार म्हणून नोंदवू? मुदत काय घालू?”

केतकी थांबली. आतून सानियाचा प्रश्न ऐकू येत होता, आण्णांचं लांबलचक उत्तर, काकूंचं दोघांनाही दटावणं.

“नको,” ती म्हणाली. “हे तोंडीच राहू दे.”

“पण ताई, तोंडी म्हणजेच तर...”

तिने गळ्यावरची पट्टी काढली, पर्समध्ये टाकली आणि स्टँडकडे चालू लागली.